रस्त्याचा धनी कोण ?

(राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडे सोंपविण्याचा प्रश्न)

शेतांत पिकलेला माल बाजारांत पोंचून त्याचें मोल हातीं येईपर्यंत शेतकऱ्याच्या पदरीं कांहींच पडलेलें नसतें. उमरेड, कुही, भिवापूर या बाजूचा भाताचा अगर मिरचीचा शेतकरी असो, किंवा काटोल-नरखेडकडील संत्र्याचा बागाईतदार असो, त्याच्या मालाचा भाव बाजारांत ठरतो आणि तेथपर्यंतच्या वाटखर्चाची वजावट त्या भावांतूनच होते. रस्ता चांगला असेल तर ही वजावट थोडी. रस्ता वाईट असेल तर गाडीभाडें वाढतें, फळाला मार लागतो, आणि भर पावसाळ्यांत वाहन गांवापर्यंत येतच नाहीं. म्हणून रस्ता हा शेतीचाच एक भाग होय असें समजलें पाहिजे. बांध कोणाचा, विहीर कोणाची, धुऱ्यावरचें झाड कोणाचें, हें शेतकरी नीट जाणून असतो. मग ज्या रस्त्यावर त्याचें सारें उत्पन्न चालत जातें तो रस्ता कोणाचा, त्याची दुरुस्ती कोणी करावयाची आणि तिचा पैसा कोठून यावयाचा, हेंही त्यानें जाणून असणें अवश्य आहे.

हा प्रश्न उपस्थित होण्याचें कारण असें कीं, रस्त्याचा धनी कायमचा एकच राहतो असें नाहीं. कांहीं रस्ते खालच्या संस्थेकडून वरच्या सरकारकडे जातात, तर कांहीं राज्यमार्ग वरून खालीं, म्हणजे नगरपरिषद, महानगरपालिका किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे सोंपविले जातात. कागदावर ही दोन ओळींची अधिसूचना असते; परंतु तिचा परिणाम पुढें कित्येक पावसाळे त्या वाटेनें जाणाऱ्या प्रत्येकास भोगावा लागतो. तेव्हां या हस्तांतराचें स्वरूप काय, त्यांत हित कोणतें व धोका कोणता, याचा विचार येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

रस्त्यांच्या पायऱ्या

१९४३ च्या डिसेंबर महिन्यांत प्रांतोप्रांतींच्या मुख्य अभियंत्यांची परिषद आपल्या नागपुरांतच भरली होती. तिनें रस्त्यांची जी योजना आंखली ती देशभर 'नागपूर योजना' याच नांवानें ओळखली जाते. आज रस्त्यांचे जे वर्ग आपण ऐकतों ते या योजनेनें कायम केले : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आतांचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, आणि ग्रामीण मार्ग. जिल्हा मार्गांत पुन्हां 'प्रमुख' आणि 'इतर' असे दोन पोटभेद आहेत. १०० चौरस किलोमीटर मुलखामागें सुमारें १६ किलोमीटर रस्ता असावा, असें तिचें उद्दिष्ट होतें. पुढें १९६१ ते १९८१ या काळासाठीं झालेल्या 'मुंबई योजने'नें हें प्रमाण ३२ किलोमीटरपर्यंत नेण्याचें ठरविलें.

वर्ग म्हणजे नुसतें नांव नव्हे. वर्गावरून रस्त्याचा धनी ठरतो. महाराष्ट्रांत सामान्यतः अशी व्यवस्था आहे कीं, राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्र सरकारची. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शहरांतील अंतर्गत रस्ते नगरपरिषदेकडे अगर महानगरपालिकेकडे. आणि गांवांतील गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. शेतांत जाण्याच्या वाटा, पाणंद व शिवरस्ते यांचे तंटे मात्र तहसीलदारापुढें येतात. त्यासाठीं १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम व १९६६ ची जमीन महसूल संहिता यांत तरतुदी आहेत. आपल्या विदर्भांत गांवचें निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांतही वहिवाटीच्या वाटांची नोंद सांपडते, हें जुन्या मंडळींस ठाऊक आहेच.

आपल्या गांवावरून जाणारा रस्ता कोणत्या वर्गाचा हें ओळखण्याची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. दगडाचें डोकें पिवळें असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवें असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण मार्ग समजावा. जिल्ह्याच्या रस्त्यांस काळा, निळा अगर पांढरा रंग असतो. परंतु रस्त्याचा वर्ग बदलल्यावर दगडाचा रंग लागलाच बदलतो असें नसल्यामुळें, खरा पुरावा दगड नसून बांधकाम विभागाच्या कचेरींतील रस्त्यांची नोंदवही होय.

पूर्वींची व्यवस्था

रस्त्याचा भार कोणी वाहावा हा वाद आजकालचा नाहीं. आगगाडी येण्यापूर्वीं नागपूरचा कापूस बैलगाड्यांनीं जबलपूरच्या वाटेनें मिर्झापूरकडे जात असे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि सरकारचें लक्ष लांब पल्ल्याच्या रस्त्यांवरून उडालें. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व १८८३ सालीं मध्यप्रांतांत त्यासंबंधींचा कायदा होऊन जिल्हा कौन्सिलें व तहसिलीच्या लोकल बोर्डांची योजना झाली. मुख्य सडका बांधकाम खात्याकडे राहिल्या, आणि गांवोगांव जाणाऱ्या बहुतेक वाटा या कौन्सिलांच्या गळ्यांत आल्या. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे जमिनीच्या साऱ्यावरील पट्टी. म्हणजे रस्त्याचा खर्च मुख्यतः शेतकऱ्याकडूनच निघत असे.

बैलगाडीच्या काळांत ही व्यवस्था कशीबशी निभावली. मोटारी आल्यावर ती अपुरी पडली. तेव्हां १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमण्यांत आली. तिनें असा निर्णय दिला कीं, रस्त्यांची वाढ ही प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेली असून तिला सबंध देशाच्या तिजोरीची मदत पाहिजे. आणि ज्या अर्थी मोटारीच रस्ता झिजवितात, त्या अर्थी पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांस द्यावा. त्याप्रमाणें १९२९ सालीं केंद्रीय रस्ते निधि सुरू झाला. जो रस्ता वापरतो त्यानें रस्त्याचा खर्च द्यावा, हें तत्त्व तेव्हांपासून मान्य झालें आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

स्वातंत्र्यानंतर आपल्या नागपूर भागांत १९४८ च्या कायद्यानें जनपद सभा आल्या. जिल्हा कौन्सिल जाऊन तहसिलीगणिक एक सभा, अशी ही रचना होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. त्यांच्याकडे स्वतःची बांधकाम समिती, कार्यकारी अभियंता व उपविभाग देण्यांत आले. पुढें १९९३ पासून अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवितां येतील अशा २९ विषयांची यादी दिली. तींत रस्ते, मोऱ्या, पूल हा विषय आहे. नगरपालिकांसाठींच्या ७४ व्या दुरुस्तींतही रस्ते व पूल आहेत. तथापि घटनेचे शब्द बारकाईनें वाचले पाहिजेत. राज्याचें विधिमंडळ हे अधिकार 'देऊं शकेल' असें तेथें म्हटलें आहे. 'देईलच' असें म्हटलेलें नाहीं. देणें न देणें, आणि त्याबरोबर पैसा देणें न देणें, हें राज्याच्या मर्जीवर राहिलें आहे.

रस्ता खालीं कां येतो ?

सामान्यतः लोकांची मागणी रस्ता वर चढविण्याची असते. आपला ग्रामीण मार्ग 'इतर जिल्हा मार्ग' व्हावा, इतर जिल्हा मार्गाचा 'प्रमुख जिल्हा मार्ग' व्हावा, असे ठराव दरवर्षीं होतात. याला दर्जोन्नती म्हणतात. वर्ग वाढला कीं रुंदी वाढते, डांबर जाड पडतें, पूल पक्का होतो, अशी समजूत आहे आणि ती पुष्कळशी खरीही आहे. नंदनवनाच्या बाजूनें दिघोरीवरून जाणारा उमरेड रस्ता पूर्वीं राज्यमार्ग होता. आतां तो राष्ट्रीय महामार्ग ३५३ डी या क्रमांकानें नागभीड-आरमोरीकडे जातो. हें वर चढण्याचें उदाहरण झालें.

उलट, रस्ता खालीं येण्याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें कारण वळणरस्ता. मोठ्या गांवाबाहेरून नवा वळणरस्ता झाला म्हणजे गांवांतून जाणारा जुना तुकडा महामार्ग राहत नाहीं. तो राज्याकडे, आणि तेथून बहुधा नगरपरिषदेकडे येतो. राष्ट्रीय महामार्गांच्या बाबतींत असा तुकडा सोंपविण्यापूर्वीं एकवार त्याची सुधारणा करून देण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. दुसरें कारण शहराची वाढ. कालपर्यंत शेतांमधून जाणारा राज्यमार्ग आज दुकानांच्या मधोमध येतो. त्याला गटार, दिवे, पायवाट पाहिजे असते. हीं कामें बांधकाम खात्याचीं नव्हेत, म्हणून रस्ता पालिकेनें घ्यावा असें म्हटलें जातें. तिसरें कारण सरकारच्या खर्चाची काटकसर; म्हणजे काम तेंच राहतें, फक्त तें दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलें जातें.

कधीं कधीं रस्त्याशीं मुळींच संबंध नसलेलें चौथें कारणही निघतें. सर्वोच्च न्यायालयानें १५ डिसेंबर २०१६ रोजीं असा निकाल दिला कीं, राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आंत मद्यविक्री होऊं नये. ३१ मार्च २०१७ रोजीं त्यांत फेर होऊन २०,००० पर्यंत वस्तीच्या ठिकाणीं हें अंतर २२० मीटर करण्यांत आलें. दारू पिऊन वाहन हांकल्यानें होणारे अपघात थांबावेत हा त्या निकालाचा हेतु होता. परंतु झालें असें कीं, ठिकठिकाणीं दुकान हलविण्याऐवजीं रस्त्याचें नांवच हलविण्याची युक्ति निघाली. राज्यमार्ग हा राज्यमार्ग राहिला नाहीं म्हणजे ५०० मीटरांची अटही राहत नाहीं. चंदीगडानें शहरांतील रस्त्यांचा वर्ग बदलला. आपल्या महाराष्ट्रांतही जळगांव, लातूर व यवतमाळ या शहरांतील रस्ते स्थानिक संस्थांकडे देण्याचे निर्णय झाले. पुढें ११ जुलै २०१७ रोजीं न्यायालयानें पालिकांच्या हद्दींतील परवानाधारक दुकानांस हा मनाईहुकूम लागू नाहीं असा खुलासा केला, आणि ज्यासाठीं ही घाई झाली तें कारणच पुष्कळसें नाहींसें झालें.

या प्रकरणाचा नैतिक भाग बाजूस ठेवला तरी रस्त्याच्या दृष्टीनें त्यांतून एक धडा मिळतो. ज्या निर्णयांत रस्त्याची स्थिति काय, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किती, आणि घेणाऱ्या संस्थेची ऐपत किती, हे तीन प्रश्न आधीं विचारले जात नाहींत, तो निर्णय कोणत्याही हेतूनें झालेला असो, रस्त्याच्या हिताचा होऊं शकत नाहीं. रस्ता हा डांबर, खडी व पाणी यांचा व्यवहार आहे. त्याला अधिसूचनेची भाषा समजत नाहीं.

पैशाचा प्रश्न

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रस्ता खालीं देणें चांगलें कीं वाईट, याचें उत्तर बहुतांशीं एकाच गोष्टीवर अवलंबून आहे; ती ही कीं, रस्त्याबरोबर पैसा येतो कीं नाहीं.

रस्ता वापरणाऱ्यांकडून जो कर मिळतो तो कोठें जातो हें पाहावें. मोटार वाहनांचा कर राज्य सरकारकडे जातो. पेट्रोल-डिझेलवरील विक्रीचा कर राज्याकडे जातो. त्यांवरील रस्त्यासाठींचा उपकर केंद्राकडे जातो. जकातनाका उठून गेल्यापासून पालिकेच्याही हातीं वाहनाकडून थेट कांहीं पडत नाहीं. आणि जिल्हा परिषदेचें हक्काचें उत्पन्न काय ? १९६१ च्या अधिनियमाप्रमाणें जमीन महसुलाच्या दर रुपयामागें २० पैसे उपकर. त्यांत परिषदेस ठराव करून वाढ करतां येते. शिवाय मुद्रांक शुल्कांतील वांटा व सरकारचीं अनुदानें. जमीन महसुलाचे आकार जुन्या जमाबंदीचे आहेत हें सातबारा पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. समजा, एका गांवचा एकूण आकार १०,००० रुपये आहे. २० पैशांच्या दरानें त्याचा उपकर २,००० रुपये झाला. एवढ्या रकमेंत आज एका मोरीचें तोंड मोकळें करून घेणेंही कठीण. मग राज्यमार्गाचा एक किलोमीटर नव्यानें डांबरविण्याची गोष्ट दूरच राहिली.

सरकारी अनुदान येतें खरें, परंतु त्यालाही बांध घातलेले असतात. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या मुदतींत पंचायतींस जें अनुदान ठरविलें त्यांतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या कामांसाठीं बांधलेली होती. ४० टक्के मोकळी. पण तींतून दिवाबत्तीपासून अंगणवाडीपर्यंत सर्व गरजा भागवावयाच्या. अशा स्थितींत वरून आलेल्या रुंद डांबरी रस्त्याच्या वांट्यास काय येणार हें सांगावयास नको.

येथें आणखी एक गोष्ट समजून घेणें जरूर आहे. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून व त्यांवर मालमोटारी सतत चालवून रस्त्याची झीज मोजण्यांत आली. तींतून असें दिसून आलें कीं, आंसावरचें ओझें दुप्पट झालें तर झीज दुप्पट होत नाहीं. ती सुमारें १६ पट होते. शेतकऱ्याची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर रस्ता झिजवीत नाहीं असें नव्हे. परंतु वाळूनें, गिट्टीनें अगर कोळशानें भरलेली मालमोटार त्याच रस्त्यावरून गेली म्हणजे ती शेंकडों हलक्या वाहनांचें काम एका फेरींत करते. उमरेडकडे कोळशाच्या खाणी आहेत, कन्हान व वैनगंगेच्या कांठीं वाळू आहे. ही वाहतूक गांवच्या उपयोगाची नव्हे, आणि तिच्यावरचें स्वामित्वधनही गांवच्या तिजोरींत पडत नाहीं. मग तिनें फोडलेला रस्ता दुरुस्त करण्याचा बोजा गांवावर अगर जिल्हा परिषदेवर टाकणें न्यायाचें कसें होईल ? २०१५ च्या खाण कायद्यांतील दुरुस्तीनें जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. त्यांच्या निधीचा कांहीं भाग खाणबाधित भागांतील रस्ते-पुलांवर खर्च करतां येतो. अशा भागांतील रस्ता खालीं येणार असेल तर या निधीवर आपला हक्क ग्रामसभांनीं आग्रहानें सांगितला पाहिजे.

जयकर समितीनें १९२८ सालींच सांगून ठेविलें होतें कीं, रस्ता झिजविणाऱ्यानें खर्च द्यावा. कर वर ठेवून रस्ता खालीं देणें हें त्या तत्त्वाच्या अगदीं उलट आहे. वडिलांनीं गाय स्वतःकडे ठेवून चारा घालण्याचें काम तेवढें धाकट्या भावास द्यावें, तसाच हा प्रकार होय.

अन्यत्र काय झालें ?

हा प्रश्न आपल्यापुरताच नाहीं. कानडा देशांतील ऑन्टारियो प्रांतानें १९९७ व १९९८ या दोन वर्षांत सुमारें ५,००० किलोमीटर प्रांतिक महामार्ग तेथील स्थानिक संस्थांकडे सोंपविले. ज्या भागांत वस्ती विरळ आणि घरपट्टीचें उत्पन्न थोडें, त्या भागांतील संस्थांस पुढें पूल व रस्ते सांभाळणें जड गेलें.

अमेरिकेंतील आयोवा हें संस्थान आपल्यासारखेंच शेतीप्रधान आहे. त्यानें १ जुलै २००३ रोजीं सुमारें ७०० मैल राज्यमार्ग जिल्हे व शहरें यांच्या ताब्यांत दिले. परंतु त्याबरोबर राज्याच्या रस्ते-निधीचा ठराविक हिस्सा कांहीं वर्षें त्या संस्थांकडे वळविण्याची सोय कायद्यानेंच करून ठेवली. म्हणजे काम गेलें तसा पैसाही गेला.

इंग्लंडांत तर रस्त्याची चाल उलट दिशेनें झाली. १९२९ च्या कायद्यानें खेड्यापाड्यांचे रस्ते लहान मंडळांकडून काढून परगण्याच्या कौन्सिलांकडे दिले, आणि १९३६ च्या कायद्यानें मुख्य रस्ते त्या कौन्सिलांकडूनही काढून सरकारी खात्याकडे घेतले. यावरून असें दिसतें कीं, रस्ता वर असावा कीं खालीं, याचा सर्व देशांस लागू पडेल असा एक नियम नाहीं. ज्याच्याकडे रस्ता, त्याच्याकडे पैसा व माणसें, एवढाच नियम सर्वत्र खरा ठरला आहे.

स्थानिक ताब्याचे गुण

वर सांगितलें त्यावरून स्थानिक संस्थेकडे रस्ता नसावाच असा कोणी अर्थ करूं नये. तिच्या ताब्याचे गुणही मोठे आहेत. आपल्याकडील काळी कन्हार जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरचा रस्ता वाहनापेक्षां पाण्यानें अधिक मरतो. रस्त्याच्या बाजूच्या नाल्या वेळेवर उपसल्या, मोरींतील गाळ काढला, कडेची माती खचूं दिली नाहीं, तर डांबर दुप्पट टिकतें. हें काम मोठ्या यंत्राचें नव्हे. मृगापूर्वीं आठ दिवस चार माणसांनीं फावडीं घेऊन करण्याचें आहे. पूर्वीं मैलमजूर हेंच काम करीत असत. कोणत्या वळणावर पाणी तुंबतें, कोणत्या शेताचें पाणी रस्त्यावर येतें, हें मुंबईच्या किंवा नागपूरच्या कचेरीपेक्षां गांवास अधिक कळतें. शिवाय जिल्हा परिषदेचा सदस्य गांवांत भेटतो. त्याला जाब विचारतां येतो.

म्हणून लहान व मध्यम रस्ते स्थानिक संस्थेकडे असणें इष्टच आहे. लांब पल्ल्याची व जड वाहतूक ज्यावरून चालते तो रस्ता मात्र राज्याकडेच राहावा, किंवा खालीं द्यावयाचाच असेल तर त्याच्या झिजेइतका पैसा दरवर्षीं मिळण्याची लेखी हमी असावी.

हस्तांतराच्या वेळीं काय पाहावें ?

प्रस्तुत लेखकाची उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. त्या काळांत एका तालुक्यांत असें घडलेलें पाहिलें कीं, एका लहान पुलाच्या तोंडाशीं भराव वाहून गेला. गांवकऱ्यांनीं अर्ज केला. एक कचेरी म्हणे, हा रस्ता आम्हीं दुसरीकडे दिला. दुसरी म्हणे, कागद आले आहेत पण ताबा घेतलेला नाहीं. तिसरी म्हणे, आमची हद्द पुलाच्या अलीकडेच संपते. तिघांचेंही म्हणणें आपापल्या फाइलींत बरोबर होतें. आणि दोन पावसाळे गांवकरी नाल्यांतून उतरून जात राहिले. रस्ता कोणाकडे आहे यापेक्षां तो कोणाकडेही नसणें ही सर्वांत वाईट स्थिति होय. ती टाळण्यासाठीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. संयुक्त पाहणी. देणारी व घेणारी अशा दोन्ही कचेऱ्यांच्या अभियंत्यांनीं रस्ता बरोबर चालून पाहावा. प्रत्येक पूल, मोरी, नाली, झाड व अतिक्रमण यांची यादी करून दोघांनींही सही करावी. रस्ता कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत दिला हें अंकांत लिहिलें जावें. 'गांवापर्यंत' असे मोघम शब्द तंट्याचें मूळ होतात.

२. आधीं दुरुस्ती, मग ताबा. खराब रस्ता जसाच्या तसा देणें म्हणजे कर्ज देणें होय. तो सुस्थितींत आणून मगच ताबा द्यावा, किंवा दुरुस्तीची रक्कम रोख द्यावी.

३. ठेकेदाराची हमी. रस्ता नवा असेल तर त्यावर दोष-दुरुस्तीची मुदत चालू असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांस तर पहिलीं ५ वर्षें ठेकेदारानेंच देखभाल करावी अशी अट असते. हा हक्क घेणाऱ्या संस्थेच्या नांवें लिहून घेतला नाहीं, तर ठेकेदार सुटतो व संस्था अडकते.

४. वार्षिक तरतूद. देखभालीची रक्कम दरवर्षीं कोणत्या लेखाशीर्षाखालीं मिळेल हें आदेशांतच असावें. 'उपलब्धतेनुसार' हा शब्द दिसला कीं सावध व्हावें.

५. जमिनीच्या हद्दी. महामार्गाच्या कडेस १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखालीं इमारत-रेषा व नियंत्रण-रेषा ठरविलेल्या असतात. रस्त्याचा वर्ग बदलला म्हणजे या रेषांचें काय झालें हें रस्त्यालगतच्या शेतकऱ्यानें लेखी विचारून घ्यावें. कांहीं लोक वर्ग उतरतांच कडेची जागा मोकळी झाली असें समजून बांधकाम करतात. पण रस्त्याची जमीन सरकारी ती सरकारीच राहते.

६. ताब्याचा दिवस. हस्तांतर ऐन पावसाळ्याच्या तोंडाशीं होऊं नये. दिवाळीनंतर ताबा दिला तर घेणाऱ्यास उन्हाळ्याचे महिने कामास मिळतात.

ज्यांच्या गांवावरील रस्त्याचा धनी बदलल्याचें कानीं येतें, त्यांनीं प्रथम ग्रामसभेंत ठराव करून बांधकाम विभागाकडे अधिसूचनेची प्रत व संयुक्त पाहणीचा तक्ता मागावा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं हे कागद साध्या अर्जावर मिळूं शकतात. अर्जांत रस्त्याचा क्रमांक, किलोमीटर व नजीकच्या शेताचा गट क्रमांक लिहावा. नुसतें 'आमच्या गांवचा रस्ता' असें लिहिलेला अर्ज कचेरींत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. अर्जाची एक प्रत पंचायत समितीस व एक जिल्हा परिषदेच्या सदस्यास द्यावी आणि पोंच जपून ठेवावी.

अधिकार खालीं यावेत ही मागणी शेतकरी समाज फार दिवसांपासून करीत आला आहे आणि ती सोडण्याचें कारण नाहीं. परंतु अधिकार व ओझें यांतील भेद ओळखला पाहिजे. रस्ता, त्याचा पैसा आणि त्याचीं माणसें हीं तिन्ही एकत्र खालीं आलीं तर तो अधिकार होय. एकटा रस्ता आला तर तें ओझें होय, आणि तें शेवटीं गाडीभाड्याच्या रूपानें शेतकऱ्याच्याच खांद्यावर येऊन पडतें. यंदाच्या हंगामापूर्वीं निदान आपल्या गांवच्या रस्त्याचा क्रमांक व त्याचा धनी कोण एवढें तरी प्रत्येक सभासदानें शोधून काढावें व तें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावें, अशी विनंती करून हा लेख पुरा करतों.